कर्नलसाहेब पाय बघायचे

बसा रे, लाईट यायला अजून पुष्कळ अवकाश आहे. मोटार आत्ता चालू व्हायची नाही आणि कांद्याला पाणी दिल्याशिवाय तुम्हाला घरी जाता येणार नाही. तोवर अंगदची गोष्ट ऐका. अंगद वाकचौरे, धामणदऱ्याला भरतीची अकॅडमी चालवतो तो. त्याला तुम्ही सगळे ओळखता, तुमच्यातले दोघेतिघे त्याच्याकडे पळायलाही जाऊन आलेत. माझा तो विद्यार्थी. हे सगळं त्याने स्वतः मला सांगितलं, माझ्या ओट्यावर बसून. सांगताना एकदाही वर पाहिलं नाही. तेव्हा मध्ये कुणी दात काढायचे नाहीत.

या जानेवारीतली गोष्ट. अठरा तारीख, रविवार, पौषातली अमावास्या. गावातल्या गिरणीची मोटार जळाली होती, म्हणून अकॅडमीच्या पोरांचं दळण घेऊन अंगद पिकअपने तालुक्याला, अकोल्याला निघाला होता. गव्हाची पोती मागे टाकली, किल्ली हातात घेतली, तेवढ्यात हर्षल लंगडत आला. हर्षल म्हणजे आक्काबाईचा मुलगा. आक्काबाई विधवा बाई, दुसऱ्याच्या वावरात खुरपायला जाते. तिचं हे एकुलतं एक पोर वाऱ्यासारखं पळायचं. मंगळवारी त्याचं नगरला भरतीचं ग्राउंड होतं.

"सर, जरा पाय बघता का? बाभळीचा काटा बुटातून आरपार गेल्ता. ठणकतंय लई."

"कधी गेला?"

"झाले तीनचार दिवस."

"हळद भरून झोप. परवा ग्राउंड आहे आणि तू आत्ता पाय काढून बसतोस होय? फौजेत जायचंय ना?"

"व्हय सर."

"मग झालं तर."

आणि अंगद निघून गेला. बघा, एवढंच. वाकून पाहायला किती वेळ लागला असता? पण तो का वाकला नाही, ते कळायला तुम्हाला आधी त्याच्या चुलत्याची गोष्ट कळली पाहिजे.

कर्नल श्रीमंत वाकचौरे. तुम्ही त्यांना म्हातारपणी पाहिलंत, पांढऱ्या बनियनवर, सकाळी पोरांच्या मागे पळताना. साध्या शेतकऱ्याचा मुलगा. शिपाई म्हणून भरती झाला, नोकरीत असतानाच परीक्षा दिल्या आणि अधिकारी झाला. सगळी हयात फौजेत काढली. अंगावर मेडल होती, पण त्यांबद्दल कधी बोलले नाहीत. बोलायचे ते एकाच माणसाबद्दल. छगन म्हणून घोडेगावकडचा एक जवान होता त्यांच्या कंपनीत. साहेब तेव्हा कॅप्टन होते. उत्तरेला बर्फातल्या चौकीवर चालत जायचं होतं. रात्री मुक्कामाला साहेबांनी एकेकाला विचारलं, पाय ठीक आहेत का? सगळे म्हणाले, ठीक आहेत साहेब. छगनही म्हणाला. मागे राहावं लागू नये म्हणून म्हणाला. साहेबांनी बूट पाहिले, बुटाच्या आतलं पाहिलं नाही. दोन मुक्कामांनी छगनचा बूट कापून काढावा लागला. बोटं काळी पडून बुटातच राहिली होती. पुढे विष अंगात चढलं आणि खाली आणेपर्यंत तो गेला. बाकीच्याही कित्येकांची बोटं गेली.

त्या दिवसापासून साहेबांनी कुणाला पाय कसे आहेत म्हणून विचारलं नाही. स्वतः खाली बसायचे, माणसाचा पाय मांडीवर घ्यायचे आणि बघायचे. रिटायर होऊन गावी आल्यावर त्यांनी माळावर पोरांसाठी ग्राउंड केलं, फुकट. तिथेही रोज संध्याकाळी तेच. पोरं कठड्याला पाठ लावून ओळीने बसायची, पाय लांब करून, आणि साहेब टॉर्च बगलेत धरून एकेका तळव्यावरून बोटं फिरवत जायचे. एकदा आक्काबाईने ते पाहिलं आणि बाई कळवळली.

"साहेब, येवढी मोठी मानसं तुमी अन् पोरासोरांच्या पायाला हात लावता? पाप लागंल की माज्या पोराला!"

"ते माझ्या खाती लाव, आक्काबाई," साहेब म्हणाले. "भरतीपायी पोरगं खोटं बोलेल. पाय खोटं बोलत नाही."

साहेब गेले त्याला दीड वर्ष झालं. त्यांना मूलबाळ नव्हतं, सगळं अंगदनेच केलं. दहाव्याला मुळेच्या काठी मीही होतो. पिंड ठेवले, आणि कावळा काही शिवेना. कावळे होते, झाडावर बसून खाली बघत होते. ऊन चढलं. कुणी म्हणालं, अकॅडमी चालवीन म्हण. अंगद म्हणाला. काही नाही. कुणी म्हणालं, काकूच्या नावाने झाड लावीन म्हण. तेही झालं. लोक चुळबुळायला लागले, स्वयंपाक निवत होता. शेवटी अंगद हात जोडून म्हणाला, "तात्या, पोरांचे पाय मी रोज बघीन. माझ्या हाताने बघीन." तोंडातून शब्द निघाला आणि वरून एक कावळा सरळ उतरला. बाया रडल्या. मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू.

आपल्याकडे काय होतं, कावळ्याला दिलेला शब्द कावळा उडाला की उडतो. पंगत उठेपर्यंत माणसाला आठवत नाही आपण काय कबूल केलं. अंगदने तरी महिनाभर पाय पाहिले. मग कुणा शहाण्याने मोबाईलवर त्याचा व्हिडिओ काढला आणि टाकला. खाली लोकांनी लिहिलं, सर पाय चेपूनही देतात का, फी किती. अंगदला ते फार लागलं. एव्हाना तो 'अंगद सर' झाला होता. फाट्यावर साहेबांच्या फोटोचा फ्लेक्स होता, शेजारी याचा गॉगल घातलेला फोटो. पोरांच्या घामट पायाशी बसणं त्याला जड जायला लागलं. एक दिवस चुकला, मग दोन दिवस, मग बंदच. साहेबांचं नाव ठेवलं आणि साहेबांचं काम सोडलं.

तर त्या रविवारी अकोल्यात गिरणीवर गर्दी होती. त्यात दोनदा वीज गेली. दळण होऊन पोती गाडीत पडेपर्यंत दुकानं बंद झाली होती. अंगद निघाला. थंडी मरणाची होती. काचा लावून, गाणी लावून तो मजेत चालला होता. बोरखिंड तुम्हाला माहीत आहे. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दगडी कठडा आणि खाली दरी. खिंडीच्या तोंडाशी आल्यावर मोबाईलची रेंज गेली आणि गाणं बंद पडलं.

वळणावर त्याला उजेड दिसला. पिवळा, बारीक, जमिनीलगत हलणारा.

त्याला वाटलं ऊसतोडवाले असतील. या दिवसांत असतात, रात्री-बेरात्री टोळ्या जातात, दमले की रस्त्याच्या कडेला बसतात. त्याने गाडी हळू केली. खरंच माणसं बसली होती. कठड्याला पाठ टेकून, ओळीने. पाय लांब केलेले, थेट डांबरावर आलेले. माना खाली. गाडी आली तरी एकानेही पाय आखडता घेतला नाही.

"ए बाबांनो, पाय घ्या की वर!" अंगद काच खाली करून ओरडला.

कुणी हललं नाही.

त्याने आजूबाजूला पाहिलं. बैलगाडी नाही. ट्रॅक्टर नाही. बाया नाहीत, पोरं नाहीत, शेकोटी नाही. एवढ्या थंडीत सगळे अनवाणी. गाडी पुढे सरकली आणि हेडलाईट त्या तळव्यांवर पडला. तळवे काळे होते. आणि पुढे सपाट होते. बोटं नव्हती. पहिल्याला नव्हती. दुसऱ्याला नव्हती. कुणालाच नव्हती.

अंगदचा पाय ब्रेकवरच गोठला.

ओळीच्या पुढच्या टोकाकडे एक माणूस उकिडवा बसला होता. पांढरं बनियन. टॉर्च बगलेत. तो एकेकाचा पाय उचलायचा, मांडीवर घ्यायचा, तळव्यावरून बोटं फिरवायचा, खाली ठेवायचा. मग पुढचा. घाई नाही. टोकाला एका माणसाची जागा मोकळी होती. तिथे तो आला आणि बसला. जागा रिकामी होती तरी त्याने हात पुढे केला... कुणीतरी पाय देईल म्हणून तळहात पसरून तसाच धरून ठेवला.

मग त्याने मान वळवली. टॉर्चचा उजेड अंगदच्या तोंडावर आला.

त्याने गाडी कशी काढली ते त्याला आजही सांगता येत नाही. मागचं एक पोतं उलटून पीठ सगळ्या रस्त्याने सांडत आलं. अकॅडमीच्या आवारात येऊन थांबला तेव्हा पाचावर धारण बसली होती. पोरं पत्र्याच्या हॉलमध्ये गाढ झोपली होती. त्याने दारातून पाहिलं. हर्षलची खाट शेवटची. तो डोक्यावरून पांघरूण घेऊन पडलेला होता. आहे जागेवर, अंगद मनाशी म्हणाला. आपल्या खोलीत गेला, कडी लावली, दिवा चालू ठेवून बसला.

पण ती शेवटची मोकळी जागा काही डोळ्यांपुढून जाईना. त्याला कळत होतं ती कुणासाठी आहे. कळत होतं म्हणूनच तो उठत नव्हता. आता जाऊन पाय पाहायचा म्हणजे संध्याकाळी पाहिला नाही हे कबूल करायचं. आक्काबाईला काय सांगणार? सकाळी पाहू, त्याने स्वतःला समजावलं. सकाळी डॉक्टरकडे नेऊ. एक रात्र काय होतंय. माणूस स्वतःची समजूत घालायला बसला की फार हुशार होतो. बराच वेळ तो तसाच बसून राहिला, आणि मग मात्र उठला. का उठलास म्हणून मी विचारलं, तर म्हणाला, "गुरुजी, तात्यांचा हात पसरलेलाच होता हो."

हॉलमध्ये जाऊन त्याने मोबाईलचा टॉर्च लावला. हर्षलच्या पायावरचं पांघरूण आधीच वर दुमडलेलं होतं, व्यवस्थित, गुडघ्यापर्यंत. मोजा काढून खाली ठेवलेला. सडका वास आला तशी अंगदने नाकाला बाही लावली. तळवा काळानिळा पडून टरारला होता आणि घोट्यापासून वर तांबडी रेघ चढत गेली होती. अंग तव्यासारखं तापलेलं.

हर्षलने डोळे उघडले.

"सर... पुन्हा आलात?"

"पुन्हा? मी आत्ताच येतोय."

"न्हाई... मगाशी बगून गेला की तुमी. हात लई गार हुता तुमचा..."

कुणाला हाक मारायचंही अंगदला सुचलं नाही. पोराला पांघरुणासकट उचललं, गाडीत शेजारच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला आणि निघाला. दवाखाना संगमनेरला. रस्ता एकच, बोरखिंडीतून.

खिंड जवळ आली तशी हर्षलची बडबड वाढली. आईला हाक मारत होता. मग म्हणाला, "सर, एवढी माणसं कशाला बसल्यात?"

अंगदने पाहिलं नाही. समोर नजर ठेवली. पांढरी पट्टी. फक्त पांढरी पट्टी.

वळणावर इंजिन बंद पडलं.

दिवे गेले.

त्याने किल्ली फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. काही नाही. रातकिडेसुद्धा ओरडत नव्हते. गाडीत थंडी भरायला लागली. काचेच्या आतून धुकं धरलं. बाहेर पिवळा उजेड आला... हर्षलच्या बाजूने. थांबला.

अंगदने स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि डोळे गच्च मिटले.

दार उघडल्याचा आवाज झाला.

हर्षल एकदाच कण्हला. मग गप्प. कापड फाटावं तसा आवाज. गुंडाळल्याचा आवाज. बराच वेळ. कुणाचा श्वास ऐकू येत नव्हता, हर्षलचाही नाही.

"तात्या..." अंगदच्या तोंडून कसाबसा शब्द निघाला. "चुकलो, तात्या..."

दार लागलं. उजेड गाडीच्या पुढून हळूहळू फिरून आला... त्याच्या बाजूला. त्याच्या बाजूचं दार उघडलं. आणि क्लचवर असलेला त्याचा पाय कुणीतरी धरला.

चप्पल काढली. पाय वर उचलला. तळव्यावरून एक बोट फिरलं, टाचेपासून वर. प्रत्येक बोटापाशी थांबत. गार... इतकं गार की पोळलं म्हणाला.

पाय खाली ठेवला.

दार लागलं.

इंजिन आपोआप चालू झालं. अंगदने डोळे उघडले. रस्ता मोकळा होता. कठडा मोकळा होता. हर्षल मान टाकून पडला होता, पण छाती हलत होती.

संगमनेरला पोचल्यावर डॉक्टरांनी पोराला थेट आत घेतलं. सांगून टाकतो, हर्षल जगला. पाय मात्र गेला, घोट्याच्या वर कापावा लागला. डॉक्टर म्हणाले, सकाळपर्यंत थांबला असतात तर पोरगं हाती लागलं नसतं, आणि दोन दिवस आधी आणलं असतं तर पाय लागला असता. सकाळी आक्काबाई आली, तिला अंगदनेच काट्याचं सगळं कबूल केलं. ती रडली नाही, ओरडली नाही. भिंतीला टेकून उभी राहिली.

"साहेबांच्या मागारी तुमच्या हवाली केलं हुतं वो पोर. पळाय जाताना देवापुढं न्हाई, तुमच्या फोटोपुढं हात जोडायचं. अन् त्यानं दाखवला तरी पाय बगितला न्हाई व्हय तुमी?"

अंगदने तिचे पाय धरले. तिने ते मागे ओढून घेतले आणि आत निघून गेली. त्यानंतर ती त्याच्याशी बोललेली नाही. फ्लेक्स अंगदने त्याच आठवड्यात उतरवला, आणि रोज संध्याकाळी पोरांना ओळीने बसवून तो आता पाय बघतो. व्हिडिओ काढणारे काढोत. पण आक्काबाईच्या घरात एक बूट नवाकोरा पडून आहे, त्याचं कुणी काय करायचं?

एक गोष्ट त्याने आक्काबाईला सांगितली नाही. मला सांगितली, ती तुम्हाला सांगतो आणि थांबतो.

त्या रात्री डॉक्टरांनी हर्षलच्या पायावरचं पांघरूण काढलं आणि अंगदकडे पाहिलं. घोट्यापासून पोटरीपर्यंत खाकी लोकरीची लांब पट्टी आवळून बांधलेली होती. जुन्या काळी जवान पायाला गुंडाळायचे तशी. ओलीगार. डॉक्टरांनी विचारलं, ही कुणी बांधली? अंगद म्हणाला, माहीत नाही. नर्स कात्री आणायला गेली, डॉक्टर म्हणाले राहू दे, आणि स्वतःच एकेक वेढा उलगडत गेले. शेवटचा वेढा सुटला तेव्हा त्यातून काहीतरी ट्रेमध्ये पडलं. टक्कन वाजलं.

नर्सने वाकून पाहिलं आणि दोन पावलं मागे सरकली.

माणसाच्या पायाचं बोट होतं. अंगठ्याशेजारचं. वाळून कोळशासारखं काळं झालेलं, नख शाबूत.

डॉक्टरांनी चटकन हर्षलचा पाय उजेडात धरला. टरारलेला होता, सडलेला होता, पण पाचही बोटं जागच्या जागी होती.